संजीवनीताईच्या मुंग्या

आमच्या संजीवनीताईला गावात 'मुंग्यायची डॉक्टर' म्हणतात, आणि म्हणताना हसतात. जर्मनीहून डॉक्टर होऊन ती पहिल्यांदा घरी आली, तेव्हा ओट्यावर माणसं येऊन बसली होती. कोणाचा गुडघा, कोणाची शुगर, शेजारच्या शेषरावांचा कान. ती एकेकाला हात जोडून सांगत होती, की काका, मी औषधवाली डॉक्टर नाही, मी मेंदूचं संशोधन करते, तेही मुंगीच्या मेंदूचं. शेषरावांनी कानातला कापूस नीट बसवला आणि म्हणाले, "मंग इतके वर्ष तिकडे केलं काय तू?" ताई हसली. पण आत येऊन माठातलं पाणी प्यायली, तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

मी सारिका, तिच्या धाकट्या भावाची, गोकुळची बायको. माहेर खामगावचं. तोंडानं फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको. जळगाव जामोदहून बस सुटते, सातपुडा जवळ येत जातो आणि डोंगर आता अंगावर येतो की काय असं वाटतं तिथं आमचं गाव. लग्न होऊन आले तेव्हा घरात ताईच्या नुसत्या गोष्टी होत्या, ताई नव्हती. सासरे भगवंतराव येईल त्याला तिचा फोटो दाखवायचे. बर्फात उभी असलेली, नाक लाल झालेलं. मला वाटायचं, मजा आहे बाई एकेकीची.

मजा किती होती ते पुढं कळलं.

सुरुवात कुठून झाली, तर आमच्या अंगणातून. माझ्या सासूबाई अन्नपूर्णाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, दर श्रावणात शनिवारी मुंग्यांना साखर-पीठ घालतात. आमच्याकडे पुष्कळ घरी घालतात. साडेसाती असली, कोणाचं काम अडलं असलं, पोरीचं लग्न जमत नसलं, की मुंग्यांना पीठ. तर ताई लहानपणी त्यांच्यासोबत उकिडवी बसायची, आणि पीठ घालून झालं तरी उठायची नाही. मुंगी कण उचलते, भिंतीवर जाते, उंबऱ्यावरून फिरते, आणि तरी बरोबर आपल्या बिळात शिरते. ताईनं विचारलं, "माय, यायले घर कसं सापडते?" आत्याबाई म्हणाल्या, "देव दाखवते. चाल, शाळेची बस जाईन."

तेवढ्यावर तिचं समाधान झालं असतं तर बरं झालं असतं, असं मी कितीदा म्हणाले असेन.

पोरगी हुशार निघाली. अमरावतीला इंजिनिअरिंग केलं. तिथं कुठल्याशा स्पर्धेत तिनं एक यंत्राची गाडी बनवली. गाडीनं मैदानात फिरून आपल्या जागी परत यायचं होतं. वाळूत चाकं घसरली, गाडीचा हिशोब चुकला, आणि ती सगळ्यांसमोर जाऊन एका परीक्षकाच्या बुटाला धडका देत राहिली. लोक पोट धरून हसले. ताई खाली मान घालून गाडी उचलायला वाकली, तर त्याच वाळूतून एक मुंगी मेलेला किडा ओढत सरळ चालली होती. हे ताई स्वतः सांगते. सांगताना तिचे डोळे अजून चमकतात. मला मात्र ऐकताना त्या बुटाचंच हसू येतं.

मग तिनं पुण्यातली चांगली नोकरी सोडली आणि मेंदू शिकायला गेली. सगळ्यांनी डोक्याला हात लावला. मुंगीचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढासुद्धा नाही म्हणे. त्यात कुठली पेशी कधी जागी होते, ते तिनं केसाहून बारीक तार घालून बघितलं. आत्याबाईंना हे फोनवर कळलं, तेव्हा पहिला प्रश्न, "दुखत असन ना वं त्यायले?" ताईनं लगेच पावसापाण्याचं विचारलं.

तिचं काम मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलं, की आता मीच सांगू शकते. उन्हात हिंडणारी लांब पायांची मुंगी बिळातून एकटी निघते. इकडे जाते, तिकडे जाते, वेडीवाकडी फिरते. पण किती चालली आणि कोणत्या बाजूला चालली हे मनात धरून असते. दिशा आभाळाच्या उजेडावरून, अंतर पावलांवरून. खाणं सापडलं, की आलेल्या वाटेनं परत जात नाही, नीट सरळ घराकडे पळते. ताईनं मुंगीच्या मेंदूतली ही जोडणी यंत्रात उतरवली. जिथं मोबाईलला रेंज नाही, वरून कोणी वाट दाखवणारं नाही, खाणीत, पडलेल्या घराखाली, तिथं जाऊन परत येईल असं यंत्र तिला बनवायचं होतं.

चांगलं काम आहे की नाही? मलाही चांगलंच वाटतं. पण चांगल्या कामाला कोणी कायमची खुर्ची दिली नाही. कुठं दोन वर्षांचं काँट्रॅक्ट, कुठं एकाच वर्षाचं. जर्मनीत तीन गावं बदलली. मग बंगलोरला आली, तिथं दोन संस्था. प्रत्येक वेळी नवं भाड्याचं घर, नवा गॅस, आणि ते आवरून होत नाही तोवर पुढच्या अर्जाची तयारी. लग्नाचं एकदा जमत आलं होतं. तो म्हणाला, तू एका जागी कधी राहशील? आणि ते तिथंच मोडलं. सासरे गेले तेव्हा ती परदेशात होती. गोकुळनं फोन धरला आणि तिनं त्यात बापाचं तोंड पाहिलं. चाळिशी उलटली, डोक्याचे केस पांढरे झाले, आणि घरी फोन केला की आवाज नेहमी नुकतंच झोपेतून उठल्यासारखा. मी विचारायची, "ताई, बरं नाही का?" ती म्हणायची, "बरी आहे गं, दमली फक्त." किती वर्षं तेच. दमली फक्त.

मागच्या एप्रिलात ती घरी आली ती पेट्या घेऊनच. एकीत कपडे, दुसरीत ते यंत्र. पोळपाटाएवढं, सहा पायांचं, डोक्यावर आभाळाकडे बघणारा काचेचा डोळा आणि पुढं एक कॅमेरा. गोकुळनं त्याचं नाव लगेच 'मुंगळा' ठेवलं.

"ताई, एवढ्या उन्हाचं कायले आली तू? इथं माणसं पळून राह्यले," तो म्हणाला.

"उन्हासाठीच आली. आणि भेगांसाठी," ताई म्हणाली.

आमचं वावर काळ्या मातीचं. धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून एक पडीक तुकडा आहे, उन्हाळ्यात तिथं हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुंगळा सपाट जमिनीवर नीट चालायचा, पण भेगांवर खाली-वर होताना त्याचा अंतराचा हिशोब चुकायचा. मुंगीचा मात्र चुकत नाही. ती भेगांवर हिशोब कसा ठेवते, हे ताईला मोजायचं होतं. आणि अशी जमीन आणि अशा मुंग्या तिला सापडल्या कुठं, तर घरच्याच धुऱ्यावर. सारं जग हिंडून बाई परत आपल्या वावरात आली.

पहिल्याच दिवशी जेवताना तिनं सांगून टाकलं. आत्याबाई चुलीजवळ भाकरी थापत होत्या. गॅस आहे, पण भाकर त्यांना चुलीवरचीच लागते.

"सारिका, हे शेवटचं बरं का," ताई म्हणाली. "मे संपला की माझं काँट्रॅक्ट संपते. जूनमध्ये संस्थेत एक पक्की जागा निघणार आहे. हे काम हातात असलं तर ती मला मिळेल, सरांनी तसं स्पष्ट सांगितलं. नसलं, तर संशोधन सोडायचं. या वयात आता कोणी दारात उभं करत नाही."

"असं कसं? इतकी शिकलेली तुम्ही," मी म्हणाले.

"माझ्याहून जास्त शिकलेले आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, असे रांगेत उभे आहेत."

आत्याबाईंचा भाकरीवरचा हात थांबला. "म्हंजे संजू, हे काम झालं त तुले एका जागी राहाले भेटन?"

"हो माय."

"आन् नाई झालं त?"

ताईनं ताटातला तुकडा इकडचा तिकडं केला. "आता सारं मुंग्यायच्याच हातात आहे, माय."

बोलून गेली ती. माणूस दमलं की बोलतं असं. आम्ही कोणी ते मनावर घेतलं नाही. एकीनं घेतलं.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. ताईनं बिळाजवळ लाल झेंडी रोवली, भेगांच्या पलीकडे एक ताटली ठेवली आणि तिच्यात बिस्किटाचा चुरा. ऊन असं, की चप्पल काढली तर तळपायाची साल निघेल. गावात कुत्रं दिसत नव्हतं. आणि ही बाई डोक्याला ओला पंचा बांधून, छत्री रोवून तिथं बसलेली. मी डब्यातून ताक घेऊन जायची. एकदा मला म्हणाली, "बघ, बघ!" एक मुंगी ताटलीतून कण घेऊन निघाली, भेगेत उतरली, दिसेनाशी झाली, पलीकडून वर आली आणि सूत धरल्यासारखी बिळाकडे. ताई तिच्यामागून रांगत चाललेली, हातात फळी, फळीवरच्या कागदावर मुंगीची वाट काढत. गुडघे सोललेले, तोंड रापलेलं, आणि हसत होती. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं. खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला.

आणि मग मुंग्या यायच्या थांबल्या.

आधी कमी झाल्या. मग दिवसभरात एखादी. मग ती एखादीसुद्धा बिळातून डोकं काढायची, थोडी घुटमळायची आणि परत आत. ताटलीतला चुरा तसाच. ताईनं बिस्किट बदललं, गूळ ठेवला, मेलेले किडे ठेवले. ताटली जवळ आणली. छत्रीची सावली आड येते का म्हणून छत्री काढून बसली, भर उन्हात. दुसरं बीळ धरलं, तिथं झेंडी लावली. चार दिवस बरे गेले, मग तिथंही तेच.

दुपारी घरी यायची, हातपाय धुवायची आणि कूलरसमोर भिंतीला टेकून बसायची. वाढलेलं ताट तसंच राहायचं. मी कधी चिडून म्हणायची, "मरू द्या त्या मुंग्या, दोन घास खाऊन घ्या." ती म्हणायची, "माझंच काहीतरी चुकून राह्यलं, सारिका. कुठं ते सापडत नाही." बंगलोरहून सरांचे फोन यायचे. ती "येस सर, येस सर" म्हणायची आणि फोन ठेवला की बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत राहायची.

"होईन माय, होईन," आत्याबाई तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. "आपन काई कोनाचं वाईट नाई केलं. होईन बरोबर."

या सगळ्या दिवसांत आत्याबाई पहाटे उठून बाहेर जायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "गुडघा आखडते वं, जराशी फिरून येतो." मला बरंच वाटलं. डॉक्टरनं त्यांना चालायला सांगितलंच होतं.

मे संपायला थोडे दिवस उरले होते. ताईनं एक युक्ती केली. संध्याकाळी मुंगळा धुऱ्यावर नेला, बिळासमोर ठेवला आणि कॅमेरा चालू करून घरी आली. सकाळी पहिली मुंगी कधी निघते, निघून काय करते, हे तिला बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून ती बघत बसली. आत्याबाई पुढच्या खोलीत लवंडल्या होत्या. मी चहा ठेवत होते.

"सारिका," ती म्हणाली. आवाज असा, की मी गॅस बंद करूनच वळले.

पडद्यावर नुकतं उजाडत होतं. बिळासमोर दोन पावलं आली. टाचांना भेगा, एक पाऊल गुडघ्याच्या दुखण्यानं जरा वाकडं पडणारं. मग एक हात खाली आला. हातात आमच्याच घरातली पितळी वाटी. बिळाभोवती पीठ पडलं, साखर पडली, भरपूर, सढळ हातानं, पोराला वाढावं तसं. मुंग्या लगेच बाहेर आल्या आणि ओढून आत न्यायला लागल्या. मग दोन्ही हात जोडले गेले. आवाजही आला होता. "माह्या संजूचं काम करा वं मायांनो. पोट्टी लय थकली."

ऊन चढता चढता जमीन साफ. एक कण शिल्लक नाही. आणि मग पडद्यावर ताईची चप्पल आली, ताटली ठेवायला.

माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! दुसऱ्या बिळाला झेंडी लावली तेव्हा यांनी तिथंही घालायला सुरुवात केली असणार. मुंग्या येत नाहीत म्हणून पोरगी रडते, आणि पोरगी रडते म्हणून या आणखी पीठ घालतात! मी तशीच पुढच्या खोलीकडे निघाले. ताईनं माझं मनगट धरलं. घट्ट.

"नको."

"नको काय? उठवते त्यांना! तुमच्या जन्माचं वाटोळं करून ठेवलं आणि झोपल्या कशा आहेत बघा गाढ!"

"हळू बोल. सारिका, ऐक माझं. बिळात आता इतकं भरून ठेवलं आहे, की आज बंद केलं तरी या मुंग्या माझ्या मुदतीत बाहेर पडत नाहीत. माझं जे जायचं ते गेलं. तिला सांगून ते परत येणार आहे का?"

"पण त्यांना कळायला नको?"

"कळून काय करेल ती? उरलेलं आयुष्य रोज तेवढंच आठवत बसेल. मी ओळखते तिला. जेवणार नाही ती." ताईनं लॅपटॉप मिटला. "इतकी वर्षं मुंगी बाहेर काऊन जाते, परत कशी येते तेच तर शिकली मी. आणि शिकले ते कोणाच्या मागं बसून? माझ्या ध्यानातच आलं नाही गं. मला वाटलं, मायचं पीठ श्रावणात असते."

मग ती रडली. तोंड लपवायला पदर नव्हता, ओढणी नव्हती, तर माझ्या ओट्यावरचं फडकं घेतलं आणि त्यात तोंड खुपसून रडली, आवाज न करता. मी बाजूला उभी राहून तिची पाठ चोळत राहिले. चहाचं पाणी तसंच राहिलं.

उरलेले दिवस ती रोज नेमानं वावरात गेली. मी म्हणाले, आता कशाला जाता? म्हणाली, नाही गेले तर माय विचारेल.

निघायच्या दिवशी आत्याबाईंच्या पाया पडली. आत्याबाईंनी तिचे हात धरून विचारलं, "काय झालं वं, संजू? झालं का?"

ताई म्हणाली, "झालं माय. तुझ्या मुंग्या पावल्या."

अरे देवा, त्या म्हातारीचा चेहरा! मारुतीला नारळ फोडला, शेषरावांच्या घरी जाऊन त्यांच्या चांगल्या कानात सांगून आल्या, की माही पोट्टी आता पक्की झाली. मी मागं उभी. तोंडाला कुलूप. माझ्यासारखीच्या तोंडाला कुलूप म्हणजे काय शिक्षा असते, ते माझं मलाच माहीत.

ताई पुण्याला गेली. एका मोठ्या कंपनीच्या गोदामात सामान इकडून तिकडं नेणाऱ्या यंत्रगाड्या आहेत, त्यांच्यावर देखरेख. पगार चांगला आहे, नोकरी पक्की आहे, तेवढं खोटं नाही. मी विचारलं, "तिथं तुमची मुंगीविद्या चालते ना?" म्हणाली, "नाही गं. तिथं फरशीवर पट्टी चिकटवलेली असते. गाडी पट्टीवरून जाते, पट्टीवरून येते. काही शोधायचं नसते." मुंगळा आमच्याकडेच ठेवून गेली. माळ्यावर आहे, जुन्या साडीत गुंडाळून. कधी माळा झाडायला चढले, की त्याचा तो काचेचा डोळा कापडातून हाताला लागतो.

दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला. "माय, मुंग्यायले घातलं का?" आणि आत्याबाई खूष होऊन सांगायच्या, आज इतक्या आल्या, तितक्या आल्या. नवस फेडायचा म्हणून त्यांनी रोजचा नेम धरला होता. आणि मी गिरणीतून दळण आणलं की त्यातलं मुंग्यांचं वेगळं काढून ठेवायची. हाताला जड व्हायचं ते पीठ. पण ठेवायची.

पावसाळ्यात आत्याबाईंचा गुडघा जो सुजला, तो उतरेच ना. पोळा गेला, गणपती गेले, बाई खाटेवर. वावराकडे जाणं बंद. आडव्या पडल्या पडल्या एकच घोर, मुंग्यायचा नेम मोडला. फोनवर ताईला मात्र "घालतो ना" म्हणायच्या, गुडघ्याचं कळून तिनं काळजी करू नये म्हणून. दसऱ्यानंतर जरा चालायला लागल्या, तशा एका रविवारी म्हणाल्या, "सारिका, चाल माह्यासंग. मले एकटीले नाई जमत."

सकाळची कामं उरकता उरकता ऊन वर आलं. त्यांच्या एका हातात काठी, एका हातात पितळी वाटी, आणि दंड माझ्या हातात. धुऱ्यावर पोचलो. गवत वाळून पिवळं झालं होतं. ताईची लाल झेंडी फाटून काडीला नुसती चिंधी राहिली होती.

आणि मुंग्या. बिळातून एकामागून एक निघून भर उन्हात चौफेर पळत होत्या. पडीक तुकड्यावर जिकडे बघावं तिकडे एकेकटी मुंगी, लांब पायांवर उचललेली, कुठं किडा ओढत, कुठं रिकामीच. ताटली ठेवायची ती जागा ओलांडून पार पलीकडे बोरीच्या झाडापर्यंत.

आत्याबाई वाकल्या. वाटी कलती केली आणि तशाच थांबल्या.

"उन्हाळ्यात नव्हत्या वं अशा," त्या म्हणाल्या. "संजू बसे इथं. एक बी येत नसे."

मी म्हणाले, "चला आत्याबाई, घाला आणि निघू. ऊन फार आहे."

त्या ऐकत नव्हत्या. बिळाकडे बघत होत्या, मग वाटीकडे, मग त्या चिंधीकडे. हळूहळू सरळ झाल्या. काठी मातीत रुतली होती, ती काढायचंही त्यांना सुचेना.

"सारिका," त्या म्हणाल्या, "भरल्या पोटानं कोन जाते वं बाहेर?"

एवढी फटकळ मी, खामगावची, आणि मला एक साधी थाप सुचली नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिले माहीत होतं."

मी मान खाली घातली.

"तुले बी." मग रुतलेली काठी ओढून काढत, "पक्की नाई झाली का ती?"

"नोकरी पक्की आहे, आत्याबाई. पुण्याची."

"मुंग्यायची नाई."

"नाही."

मला वाटलं, आता या इथंच बसतील. रडतील, कपाळ बडवतील. काही केलं नाही. पदरानं वाटी झाकली आणि वळल्या. परतताना अर्ध्या वाटेत, निंबाखाली दम खायला थांबलो, तेव्हा म्हणाल्या, "तिले नको सांगजो, मले समजलं म्हून. तिनं माह्यासाठी मनात धरून ठेवलं ना? राहू दे तिचं तसंच."

मी म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही काय जाणूनबुजून केलं का?"

"चाल माय," त्या म्हणाल्या. "पाय दुखून राह्यले."

घरी आल्या आणि वाटी ओट्यावर ठेवून खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या. दुपारी जेवल्या नाहीत. मी दोनदा हाक मारली. "भूक नाई वं," एवढंच.

संध्याकाळी मी कणीक भिजवायला बसले. डब्यात पीठ कमी होतं, दळण उद्या आणायचं होतं. वाटीतलं पीठ समोर होतं. ते परातीत ओतलं. तेवढ्यात फोन वाजला. ताई. मी फोनचा स्पीकर लावून आत्याबाईंच्या उशाशी ठेवला. त्या उठून बसल्या, पदर सारखा केला, जसं काही ताई समोर आली होती.

"माय, मुंग्यायले घातलं का?" ताईचा आवाज तसाच, झोपेतून उठल्यासारखा.

"हाव," आत्याबाई म्हणाल्या. "घातलं ना. आताच आली घालून."

"आल्या होत्या का?"

"लय आल्या होत्या, संजू. लय. साऱ्या वावरभर होत्या."

तिकडून ताई हसल्याचा आवाज आला. "बरं झालं. तुझा गुडघा कसा आहे?" मग दोघी गुडघ्याचं बोलत राहिल्या, पुण्याच्या हवेचं बोलत राहिल्या, गोकुळच्या कपाशीचं बोलत राहिल्या. मी कणीक मळत होते आणि डोळ्यांतलं पुसायला हात मोकळा नव्हता.

जेवताना गोकुळनं पहिला घास घेतला आणि थांबला. "काऊन वं, आज पोळी गोड लागून राह्यली?"

आत्याबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी आपल्या ताटातली पोळी मोडली आणि खायला सुरुवात केली.

"जेवा गपचूप," मी म्हणाले.